व्हॉल्व्हला व्हॉल्व्हची जोड

घरच्या ध्वनियंत्रणेत व्हॉल्व्ह नेमके कुठे आणि किती असावेत, हा वाद जेमतेम चाळीस वर्षांचा आहे. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या कंपनीने १९५३ मध्ये ‘क्वाड २’ हा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणला, तेव्हा त्याच्या जोडीचे कंट्रोल युनिट व्हॉल्व्हचे होते, रेडिओचा ट्यूनर व्हॉल्व्हचा होता, आणि या दोघांना लागणारा चढ्या व्होल्टेजचा पुरवठाही पॉवर अ‍ॅम्पमधूनच तारेने जात असे. टेपरेकॉर्डर व्हॉल्व्हचे होते, आणि ठाण्याच्या कारखान्यातून मराठी घरांत आलेला मर्फी रेडिओही व्हॉल्व्हचाच. दुसरा पर्यायच नसल्यामुळे ‘व्हॉल्व्हला व्हॉल्व्ह जोडावा का’ हे कुणी विचारत नव्हते. पुढे ट्रान्झिस्टर आले, मग १९८२ मध्ये सीडी आली आणि संगीताचा स्रोत पूर्णपणे चिपमध्ये गेला. ज्यांनी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर जपून ठेवले होते त्यांना नव्या तबकडीचा आवाज कोरडा वाटू लागला, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील कॅलिफोर्निया ऑडिओ लॅब्सने ‘टेम्पेस्ट’ नावाच्या सीडी प्लेअरच्या शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्ह बसवले. तेव्हापासून व्हॉल्व्हचे सीडी प्लेअर, व्हॉल्व्हचे डॅक (डिजिटल आकड्यांचा विजेचा सिग्नल करणारी उपकरणे), आणि प्लेअर व अ‍ॅम्प यांच्या मध्ये ठेवायच्या छोट्या व्हॉल्व्ह पेट्या असा मोठा बाजार उभा राहिला. प्रश्नही तेव्हाच जन्मला. एक पक्ष म्हणतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे व्हॉल्व्हच हवेत. दुसरा म्हणतो, एका जागी पुरेत, दोन्हीकडे घातले तर चहात दोनदा साखर पडल्यासारखे होते. माझे म्हणणे असे, की हे दोन्ही पक्ष व्हॉल्व्हची संख्या मोजत बसतात आणि निकाल संख्येवर लागत नाही. दोन उपकरणांमधली विजेची जोड जमते का, आणि स्रोतातल्या व्हॉल्व्हला तिथे खरोखर काही काम आहे का, या दोन गोष्टींवर तो लागतो.

आधी जोडीचे पाहू, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. व्हॉल्व्हच्या प्लेटवर शंभर-दोनशे व्होल्टचा डीसी दाब असतो. तो पुढच्या उपकरणात जाऊ नये म्हणून बाहेर पडणाऱ्या वाटेवर कपॅसिटर लावावा लागतो. हा कपॅसिटर आणि पुढच्या अ‍ॅम्पचा इनपुट इंपीडन्स मिळून खालच्या सुरांना अडवणारी एक चाळण तयार होते. समजा, कपॅसिटर ०.४७ मायक्रोफॅरडचा आहे, जो व्हॉल्व्ह उपकरणांत सर्रास आढळतो. पुढचा अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा असेल तर त्याचा इनपुट बहुधा १०० किलोओहमच्या आसपास असतो, आणि मग ही चाळण साडेतीन हर्ट्झच्याही खाली लागते, म्हणजे ऐकण्याच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली. तोच स्रोत १० किलोओहम इनपुटच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला लावला, तर चाळण थेट ३४ हर्ट्झवर येते. तिथे आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो, आणि उतार त्याच्याही वरून सुरू झालेला असतो. ऑर्गनचे खालचे पाइप इथेच राहतात. ‘व्हॉल्व्हच्या सीडी प्लेअरचा खर्ज पातळ आहे’ ही तक्रार कित्येकदा प्लेअरची नसून या जोडणीची असते. म्हणजे विजेच्या हिशेबाने व्हॉल्व्ह स्रोताचा स्वाभाविक शेजारी व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच आहे. दोन्ही एकाच काळातल्या प्रथेतून, जास्त इंपीडन्स आणि कमी करंट या धोरणाने घडलेले आहेत. एका जागीच व्हॉल्व्ह असावा असे मानणारे लोक स्रोत व्हॉल्व्हचा आणि अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा अशी तडजोड सुचवतात, तेव्हा नकळत सर्वांत अवघड जोडी सुचवत असतात.

पण या शेजाराची दुसरी बाजूही आहे, आणि ‘सगळे व्हॉल्व्हच’ म्हणणाऱ्यांनी ती नीट पाहावी. ईसीसी८३ हा सर्वांत प्रसिद्ध छोटा व्हॉल्व्ह. त्याचा गेन मोठा, पण प्लेटचा अंतर्गत रोध साठ किलोओहमच्या वर. त्याला १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर लावून सिग्नल थेट प्लेटवरून बाहेर काढला, तर आउटपुट इंपीडन्स ३८ किलोओहमच्या जवळपास पडतो. आता स्रोत आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये पाच मीटरची शिल्डेड केबल आहे आणि तिची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड आहे असे धरा. एवढ्यानेच ८.४ किलोहर्ट्झपासूनचे वरचे सूर ३ डेसिबलने खाली येतात. शिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या इनपुटलाही ईसीसी८३ असेल तर त्याच्या ग्रिड आणि प्लेट यांच्यामधली दीडएक पिकोफॅरडची कपॅसिटन्स गेनने गुणली जाऊन आणखी शंभरेक पिकोफॅरड भर घालते, म्हणजे केबल एक मीटरने लांबल्यासारखेच झाले. ऐकणारा याला ‘उबदार, मऊ आवाज’ म्हणेल. प्रत्यक्षात त्याच्या घरी झांजेची किणकिण केबलमध्ये हरवत असते. याउलट टेलिव्हिजनच्या ट्यूनरसाठी घडवलेला ईसीसी८८ कॅथोड फॉलोअर म्हणून वापरला, तर आउटपुट इंपीडन्स शंभर ओहमच्या घरात येतो आणि तीच पाच मीटरची केबल त्याला जाणवतही नाही. दोन्ही उपकरणांवर ‘व्हॉल्व्ह आउटपुट’ हेच शब्द लिहिलेले असतात. विकत घेणाऱ्याने व्हॉल्व्हचा क्रमांक वाचण्याआधी माहितीपत्रकातला आउटपुट इंपीडन्सचा आकडा शोधावा, आणि तो छापलेलाच नसेल तर विक्रेत्याला विचारावा. पुढच्या इनपुटच्या दहाव्या भागाहून तो कमी असला की निम्मी लढाई जिंकली.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. दोन्हीकडे व्हॉल्व्ह म्हणजे दुप्पट रंग, दुप्पट गोडवा, असे म्हटले जाते. रंग म्हणजे काय, ते आपल्या संगीताच्या भाषेत सांगणे सोपे आहे. व्हॉल्व्ह सिग्नल किंचित वाकवतो, त्यामुळे मूळ सुरासोबत त्याच्या पटीतले सूर उमटतात. मूळ सूर षड्ज धरला तर दुसरा हार्मोनिक तार षड्ज, तिसरा तार सप्तकातला पंचम, चौथा पुन्हा षड्ज, पाचवा गंधार. सातवा मात्र कोमल निषादाच्याही खाली, कोणत्याच स्वरावर नीट न बसणारा. सिंगल एंडेड ट्रायोडमध्ये दुसऱ्या हार्मोनिकचे वर्चस्व असते, म्हणून त्याचे डिस्टॉर्शन कानाला खुपत नाही. खालच्या क्रमांकाचे हार्मोनिक सौम्य आणि वरच्या क्रमांकाचे कर्कश, हे जुने निरीक्षण आहे. बीबीसीतील डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० मध्येच असे सुचवले होते, की डिस्टॉर्शनची नुसती टक्केवारी सांगू नये, प्रत्येक हार्मोनिकला त्याच्या क्रमांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वजन द्यावे. त्यांचे ऐकले गेले असते तर पुढच्या तीस वर्षांतल्या पुष्कळ जाहिराती वेगळ्या लिहाव्या लागल्या असत्या.

मग दोन व्हॉल्व्ह एकामागोमाग आले की दुसरा हार्मोनिक दुप्पट होतो का? नेहमीच्या कॉमन कॅथोड मांडणीत व्हॉल्व्ह सिग्नल उलटा करतो. पहिल्या टप्प्याने वरची बाजू फुगवली असेल, तर दुसऱ्या टप्प्यात ती खालची बाजू होऊन पोचते, आणि तिथे ती थोडी दाबली जाते. म्हणजे दोन सारखे टप्पे लागोपाठ आले की त्यांचे दुसरे हार्मोनिक अंशतः एकमेकांना खोडतात. सिंगल एंडेड अ‍ॅम्प रचणारे अभियंते ड्रायव्हर व्हॉल्व्ह आणि आउटपुट व्हॉल्व्ह यांच्या बाबतीत हा गुण मुद्दाम वापरतात. स्रोत आणि अ‍ॅम्प यांच्यामध्येही हेच घडू शकते. मध्ये एखादा सिग्नल न उलटणारा टप्पा आला किंवा टप्प्यांची संख्या बदलली, तर मात्र खोडण्याऐवजी बेरीज होते. म्हणून एकाच डॅकचा आवाज एका व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर स्वच्छ आणि दुसऱ्यावर दाट वाटला, तर दोन्ही ऐकणारे खरे बोलत असतात. हा परिणाम आवाजाच्या पातळीनुसार बदलतो, त्यामुळे त्यावर कोणताही नियम उभारता येत नाही. पण ‘दोन व्हॉल्व्ह म्हणजे दुप्पट गोडवा’ हा हिशेब चूक आहे, एवढे यातून नक्की ठरते.

शिवाय प्रमाणाचा मुद्दा आहे. दोनशे-अडीचशे व्होल्टवर चालणारा छोटा ट्रायोड चाळीस-पन्नास व्होल्टपर्यंत सिग्नल देऊ शकतो. सीडीच्या प्रथेनुसार त्याच्याकडून फक्त २ व्होल्टची अपेक्षा असते. इतक्या सैल कामात त्याचे डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी राहते. याउलट ३००बी सारखा पॉवर ट्रायोड आपल्या सात-आठ वॅटच्या मर्यादेजवळ गेला की डिस्टॉर्शन काही टक्क्यांवर पोचते. स्रोताचा वाटा अ‍ॅम्पच्या वाट्यापुढे किरकोळ ठरतो. एक अधिक बारीक आक्षेप घेता येतो, आणि तो रास्त आहे. दोन वाकडे टप्पे लागोपाठ आले की दुसऱ्या हार्मोनिकचाही दुसरा हार्मोनिक होतो आणि त्यातून तिसरा व चौथा असे वरचे क्रमांक जन्मतात. हेही मोजून पाहू. दोन्ही टप्प्यांत एकेक टक्का दुसरा हार्मोनिक असेल तर त्या गुणाकारातून ०.०२ टक्का तिसरा हार्मोनिक निघतो. स्रोताचा वाटा ०.१ टक्का असेल तर तो ०.००२ टक्क्यावर येतो. इतक्या बारीक पंचमाने मैफल बिघडत नाही.

तरीही हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याने एका ठिकाणी सावध राहावे, आणि ती जागा हार्मोनिकपेक्षा महत्त्वाची आहे. दोन सूर एकाच वेळी वाकड्या टप्प्यातून गेले की त्यांची बेरीज आणि वजाबाकी असलेले नवे सूर तयार होतात. षड्ज २४० हर्ट्झचा आणि पंचम ३६० हर्ट्झचा असेल तर वजाबाकीचा सूर १२० हर्ट्झ, म्हणजे बरोबर खालचा षड्ज. शुद्ध गंधार ३०० हर्ट्झ, वजाबाकी ६०, पुन्हा षड्जच, आणखी एक सप्तक खाली. तानपुऱ्यासोबतचे गाणे व्हॉल्व्हवर भरदार आणि आधार असलेले वाटते याचे एक कारण इथे आहे: खोटा सूरही सुरातच पडतो. पण गायक यमनमध्ये तीव्र मध्यमावर थांबला, तर ३३७.५ मधून २४० वजा जाता ९७.५ हर्ट्झ उरतात. हा सूर दोन सप्तके वर नेला तर ३९० हर्ट्झ येतो, आणि कोमल धैवत ३८४ वर, शुद्ध धैवत ४०० वर असतो. म्हणजे खोटा सूर दोन्ही धैवतांच्या मधोमध, रागाबाहेर पडला. पाश्चात्त्य सिम्फनीत एकाच वेळी डझनभर सूर असतात, तिथे अशा वजाबाक्यांची गर्दी होते आणि आवाज गढूळ होतो. म्हणून व्हॉल्व्हवरच्या व्हॉल्व्हची परीक्षा तानपुरा आणि एकच कंठ यांच्यावर करू नये, तिथे बहुतेक उपकरणे पास होतात. तीव्र मध्यमावरचा लांब ठेहराव, मारव्यातला कोमल ऋषभ, किंवा सारंगी, हार्मोनियम आणि आवाज एकत्र आलेली जागा ऐकावी. तिथे कडा विरघळत असतील तर दोष आहे. तो बहुधा कुठे असतो तेही सांगता येते: मर्यादेबाहेर ताणलेल्या आउटपुट व्हॉल्व्हमध्ये, स्रोतात क्वचित.

व्हॉल्व्हचे टप्पे साठत गेले की आवाज बिघडतो, या समजुतीविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा जुन्या रेकॉर्डमध्ये आहे. पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणाचा प्रवास पाहा. गायकासमोर न्यूमन यू४७ सारखा मायक्रोफोन, त्याच्या पोटात व्हीएफ१४ हा व्हॉल्व्ह. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत ईएमआयने स्वतः बांधलेली आरईडीडी मालिकेची व्हॉल्व्ह कन्सोल होती, आणि ट्रान्झिस्टरची कन्सोल तिथे १९६८ च्या अखेरीस आली. सिग्नल आवरणारा फेअरचाइल्ड ६७० लिमिटर एकटाच वीस व्हॉल्व्हचा. मग टेप मशीनचे रेकॉर्डिंग आणि प्लेबॅकचे टप्पे, शेवटी तबकडी कोरणाऱ्या यंत्राचा अ‍ॅम्प्लिफायर. त्या काळची चांगली एलपी आज आपल्यापर्यंत येते ती कितीतरी व्हॉल्व्हमधून गाळून, आणि तरीही कोणी तिला चिकट किंवा गढूळ म्हणत नाही. उलट कंठाच्या नैसर्गिकपणासाठी त्या मुद्रणांचे नाव आजही घेतले जाते. इथे कोणी म्हणेल, की ते व्यावसायिक टप्पे होते, भरपूर निगेटिव्ह फीडबॅक देऊन सरळ केलेले. अगदी खरे, आणि माझेही तेच म्हणणे आहे. डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात केटी६६ व्हॉल्व्हचा जो अ‍ॅम्प्लिफायर प्रसिद्ध केला, त्याने १५ वॅटला डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या खाली नेऊन दाखवले. हॅरल्ड लीक यांनी तर आपल्या मालिकेचे नावच त्या आकड्यावरून ‘पॉइंट वन’ ठेवले होते. त्या पिढीतल्या अभियंत्यांना व्हॉल्व्हचा रंग नको होता, व्हॉल्व्ह त्यांच्यासाठी फक्त साधन होता. ‘व्हॉल्व्हचा आवाज’ ही मागणी ट्रान्झिस्टर आल्यानंतरची आहे, आणि तिने उपकरणांच्या एका संपूर्ण वर्गाची रचना बिघडवली, असे मला स्पष्ट वाटते.

हा वर्ग म्हणजे सीडी प्लेअर आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये बसवायच्या बफर पेट्या, आणि त्यांच्याच मार्गाने गेलेले पुष्कळ स्वस्त डॅक. यांत चिपमधून २ व्होल्टचा पूर्ण तयार सिग्नल ऑप-अ‍ॅम्पमधून बाहेर पडलेलाच असतो. त्यापुढे एक व्हॉल्व्ह जोडतात, कधीकधी त्याला नेहमीच्या दोनशे व्होल्टऐवजी केवळ बारा किंवा चोवीस व्होल्टवर उपाशी चालवतात, आणि खाली नारिंगी एलईडी लावतात, कारण फिलामेंटचा स्वतःचा उजेड पुरेसा दिसत नाही. अशा व्हॉल्व्हला सिग्नल वाढवायचा नसतो, इंपीडन्स सुधारायचा नसतो. त्याला फक्त वाकायचे असते. वर ज्या ०.१ टक्क्याचा हिशेब केला तो या पेट्यांना लागू होत नाही, कारण इतक्या कमी दाबावर व्हॉल्व्हची सरळ रेषेत चालायची जागाच संपते. दोनदा साखरेची तक्रार इथे खरी ठरते. ज्याचा अ‍ॅम्प आधीच सिंगल एंडेड ट्रायोडचा आहे त्याने ही पेटी घेऊ नये. ज्याचा अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा आहे आणि ज्याला हा रंग आवडतो त्याने ती जरूर वापरावी, मात्र टोन कंट्रोल म्हणून, आणि बायपासचे बटण असलेली घ्यावी.

रेकॉर्डच्या सुईकडून येणारा सिग्नल वाढवणाऱ्या फोनो स्टेजची गोष्ट अगदी वेगळी आहे. तिथे व्हॉल्व्हला मोठे काम असते. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज साधारण ५ मिलिव्होल्ट देते. ते शेकडो पटींनी वाढवायचे आणि १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वळणाप्रमाणे खालचे सूर वर आणि वरचे सूर खाली आणायचे असतात. ईसीसी८३ चा मोठा गेन आणि मोठा इंपीडन्स इथे गुण ठरतो, आणि म्हणूनच १९५८ च्या मरांट्झ ७ प्री-अ‍ॅम्पमध्ये सहाच्या सहा व्हॉल्व्ह त्याच जातीचे होते. व्हॉल्व्हची स्वतःची खरखर ढोबळ हिशेबाने इनपुटला पाऊण मायक्रोव्होल्ट धरली, तर ५ मिलिव्होल्टच्या सिग्नलपुढे ती ७५ डेसिबलपेक्षाही खाली राहते, आणि रेकॉर्डचा स्वतःचा पृष्ठभाग त्याहून जास्त आवाज करतो. मूव्हिंग कॉइलचे ०.३ मिलिव्होल्ट आले की चित्र पालटते. अंतर पन्नासएक डेसिबलवर येते, आणि शांत आलापाच्या मागे सुसकारा ऐकू येऊ लागतो. उपाय दोन आहेत. आधी एकास दहा पटीचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावून २० डेसिबल फुकट मिळवायचे, किंवा पहिल्या जागी ईसीसी८८ सारखा जास्त ट्रान्सकंडक्टन्सचा व्हॉल्व्ह घालायचा. पहिला मार्ग जुना आहे आणि माझ्या मते अजूनही अधिक चांगला. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला व्हॉल्व्हचाच स्रोत हवा असेल, तर पैसे आधी इथे लावावेत.

डिजिटल स्रोतात व्हॉल्व्हला काम असूच शकत नाही, असेही नाही. जुन्या पद्धतीच्या डॅक चिप, उदाहरणार्थ फिलिप्सची टीडीए१५४१ए, व्होल्टेज न देता करंट देतात, आणि तोही पूर्ण पातळीला ४ मिलिअ‍ॅम्पियर. तो एखाद्या छोट्या रेझिस्टरमधून नेला की मिलिव्होल्टमध्ये मोजण्याइतकाच सिग्नल मिळतो, आणि तो वाढवायला एक टप्पा लागतो. इथे ऑप-अ‍ॅम्पची जागा व्हॉल्व्ह खरोखर घेतो. ब्रिटनची ऑडिओ नोट कंपनी एडी१८६५ चिप ओव्हरसॅम्पलिंगशिवाय चालवते आणि वरच्या मॉडेलांत ट्रान्सफॉर्मर व व्हॉल्व्ह यांच्याकडे पुढचे काम सोपवते. त्या मांडणीवर डिजिटल फिल्टर नसल्याचे आक्षेप घेता येतात, आणि ते मोजमापात दिसतातही. पण तिथला व्हॉल्व्ह शोभेचा आहे असे कोणी म्हणू शकणार नाही.

पुढचा मुद्दा गेनचा. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या मालकांना तो दररोज छळतो, पण त्याचे कारण त्यांना सहसा कोणी सांगत नाही. क्वाड २ ला पूर्ण १५ वॅटसाठी १.४ व्होल्ट लागतात, डायनाको एसटी-७० ला १.३. त्यांच्यासमोर २ व्होल्टची सीडी फारशी जड नाही. लीक स्टिरिओ २० ला मात्र केवळ १२५ मिलिव्होल्ट पुरतात. त्याला २ व्होल्ट दिले म्हणजे २४ डेसिबल जादा झाले, आणि मध्ये व्हॉल्व्हचा प्री-अ‍ॅम्प आला तर आणखी वीस. मग व्हॉल्यूमचे बटण सुरुवातीच्या एक-दोन खुणांपलीकडे जातच नाही. त्या भागात पोटेन्शिओमीटरचे डावे-उजवे भाग सारखे चालत नाहीत, म्हणून गायक मधोमध न राहता एका बाजूला सरकतो. शिवाय बटणाच्या पुढच्या प्रत्येक टप्प्याची खरखर आणि ५० हर्ट्झची गुणगुण पूर्ण गेनने स्पीकरपर्यंत पोचते. याला लोक ‘व्हॉल्व्हवर व्हॉल्व्ह जमत नाही’ म्हणतात. खरे तर जमत नाही तो गेन. अ‍ॅम्पच्या इनपुटला दोन रेझिस्टरचा अटेन्युएटर लावला, किंवा प्री-अ‍ॅम्प काढून साधे व्हॉल्यूम कंट्रोल ठेवले, की हीच जोडी शांत होते. हे काम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या सुट्या भागांत होते, त्यासाठी नवा डॅक लागत नाही.

एवढे सगळे धरले तरी एक मोठा आक्षेप उरतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेला एनई५५३४ सारखा ऑप-अ‍ॅम्पसुद्धा डिस्टॉर्शन, खरखर आणि इंपीडन्स या तिन्हींत व्हॉल्व्हला मागे टाकतो. मग स्रोतात व्हॉल्व्ह हवाच कशाला? मोजमापाच्या बाजूने याला उत्तर नाही, आणि ते शोधूही नये. व्हॉल्व्हच्या बाजूने रसेल हॅम यांचा १९७३ चा लेख नेहमी पुढे केला जातो, पण त्यांनी अभ्यासले होते ते मर्यादेपलीकडे ढकललेले मायक्रोफोन प्री-अ‍ॅम्प. २ व्होल्टवर निवांत चालणाऱ्या सीडी प्लेअरला तो निष्कर्ष लागू करता येत नाही. फीडबॅक कमी म्हणजे चांगले, ही दुसरी बाजूही अर्धीच खरी आहे. पीटर बॅक्सँडल यांनी १९७८ मध्ये दाखवले, की थोडा फीडबॅक दिल्याने वरचे हार्मोनिक आधी वाढतात आणि पुरेसा दिल्यावर सगळेच खाली जातात. त्यामुळे स्रोतासाठी प्रामाणिक भूमिका दोनच उरतात: अजिबात फीडबॅक नसलेला आणि सैल चालणारा ट्रायोड, किंवा भरपूर फीडबॅक असलेला ऑप-अ‍ॅम्प. दोन्ही व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला उत्तम चालतात. मधले अर्धवट प्रकार टाळावेत.

आणि ज्याला लोक व्हॉल्व्हचा आवाज म्हणतात तो मुख्यतः तयार होतो कुठे, हे पाहिले की स्रोताचा वाद आपोआप लहान होतो. फीडबॅक नसलेल्या सिंगल एंडेड अ‍ॅम्पचा आउटपुट इंपीडन्स ३ ओहम असू शकतो. स्पीकरचा इंपीडन्स सुरागणिक बदलतो, समजा ४ पासून २० ओहमपर्यंत. मग स्पीकरवर पोचणाऱ्या आवाजात साडेतीन डेसिबलहून अधिक चढउतार होतो. हा चढउतार कोणालाही ऐकू येतो, आणि स्रोतातल्या व्हॉल्व्हने केलेला कोणताही बदल त्याच्यापुढे क्षुल्लक आहे. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर यांनी अमेरिकेच्या ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांसमोर आपला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प एका महागड्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पशी जुळवत नेला, दोन्हींच्या आउटपुटमधला फरक जवळपास नाहीसा होईपर्यंत, आणि मग ऐकणाऱ्यांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. त्या प्रयोगातून व्हॉल्व्ह निरुपयोगी ठरत नाहीत. ठरते ते असे, की रंग सर्किटच्या वर्तनात असतो आणि त्याचा मोठा हिस्सा अ‍ॅम्प व स्पीकर यांच्या जोडीत असतो. म्हणून व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असलेल्याने खर्चाचा क्रम असा धरावा: आधी इंपीडन्सचा आलेख सपाट असलेला आणि पुरेसा संवेदनशील स्पीकर, मग चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर, मग रेकॉर्ड ऐकत असल्यास फोनो स्टेज. डॅकमधल्या व्हॉल्व्हचा क्रमांक त्यानंतर लागतो.

राहिला रोजच्या वापराचा भाग. स्रोतातले व्हॉल्व्ह गाणे थांबले तरी चालू असतात. ई८८सीसी सारख्या दीर्घायुषी जातींसाठी १०,००० तासांचे आयुष्य सांगितले जात असे, म्हणजे रोज दहा तास डॅक चालू ठेवला तर पावणेतीन वर्षे. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन इथल्या मोजक्या कारखान्यांतून येतात, आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने पूर्वी बनवलेले आता फक्त जुन्या साठ्यांत सापडतात. फोनो स्टेजच्या पहिल्या जागी कमी खरखरीचा निवडक व्हॉल्व्ह घालावा. त्याच्यावर बोटाने टिचकी मारल्यावर स्पीकरमधून घणघण आली तर तो मायक्रोफोनिक आहे, त्याला काढून प्री-अ‍ॅम्पच्या शेवटच्या टप्प्यात टाकावे, तिथे तो अजून बरीच वर्षे काम देईल.